ईव्हला कोणत्या रकान्यात बसवायचं?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सहकुटुंब व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला गेलात आणि तिथलं पेटन रँडॉल्फचं लाल घर पाहिलंत. आता मुलीला शाळेत त्या घरातल्या माणसांची दोन रकान्यांत विभागणी करायची आहे, देशभक्त आणि राजनिष्ठ, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बंडखोर वसाहतींच्या बाजूचे आणि इंग्लंडच्या राजाच्या बाजूचे. पेटन पहिल्या रकान्यात गेला, त्याचा धाकटा भाऊ जॉन दुसऱ्या. राहिली ईव्ह, त्या घरातली गुलाम बाई. मग मुलीनं विचारलं, "आई, ईव्ह तर इंग्रजांकडे पळून गेली. मग ती पण राजनिष्ठच ना?" आणि तुम्ही अडलात.

मी या भागातली जुनी घरं लोकांना दाखवते, त्याला वीस वर्षं होऊन गेली. मोठी माणसं दोन भावांच्या गोष्टीत रमतात आणि पुढच्या खोलीकडे वळतात. हा प्रश्न विचारतात ती मुलं. म्हणून जरा पसरून लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते: ईव्हला राजनिष्ठांच्या रकान्यात घालू नका. का, ते कळायला घरच्या कागदपत्रांत शिरावं लागेल.

लिहिण्यापुरती एक गोष्ट. मराठीत पेटनला 'ते' आणि ईव्हला 'ती' असं हातून आपोआप होतं, आणि निम्मा निकाल तिथेच लागून जातो. इथे मी सगळ्यांना एकेरीच लिहिते आहे.

आधी एक दुरुस्ती. दोघे भाऊ त्या घरात एकत्र राहत असताना फुटले, असं तुमच्या मुलीनं लिहिलं असेल तर ते बदला. घर त्यांच्या वडिलांचं, सर जॉन रँडॉल्फचं. त्यानं 1721 मध्ये पश्चिमेकडचं घर घेतलं, 1724 मध्ये शेजारचं, आणि पुढे पेटननं 1750 नंतरच्या दशकात मधला भाग बांधून दोन्ही जोडली. म्हणून ते घर समोरून इतकं लांबट दिसतं. दोघे भाऊ वाढले त्या घरात. पण 1775 येईपर्यंत जॉनचं स्वतःचं मोठं घर होतं, टेझवेल हॉल, गावाच्या दक्षिण टोकाला. पेटनचं घर नॉर्थ इंग्लंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जॉनचं साऊथ इंग्लंड स्ट्रीटच्या शेवटी. मध्ये बाजारचौक, आणि त्या चौकातच सरकारी दारूकोठार, म्हणजे बंदुकीच्या दारूचं कोठार. पायी दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. नकाशा काढायला सांगा मुलीला, पुढचं सगळं सोपं होईल.

आता भाऊ. दोघेही लंडनच्या मिडल टेंपलमध्ये वकिली शिकून आले. पेटन व्हर्जिनियाचा ॲटर्नी जनरल होता, म्हणजे राजाचा वकील. 1766 मध्ये तो प्रतिनिधीगृहाचा सभापती झाला आणि ॲटर्नी जनरलची जागा जॉनला मिळाली. म्हणजे राजाचं मीठ दोघांनीही खाल्लेलं. पेटन पहिल्यापासून बंडखोर होता असं समजू नका. 1765 मध्ये वसाहतींवर कर लादणाऱ्या स्टँप कायद्याविरुद्ध पॅट्रिक हेन्रीनं कडक ठराव मांडले, तेव्हा पेटन त्या ठरावांच्या विरोधात होता. ठराव अगदी थोडक्या मतांनी मंजूर झाले आणि पेटन चिडून बाहेर आला. एका मतासाठी आपण गिनी मोजल्या असत्या, असं तो म्हणाला. दारात उभा राहून हे ऐकणारा विद्यार्थी होता टॉमस जेफरसन, नात्यानं त्यांच्यातलाच.

नऊ वर्षांनी, 5 सप्टेंबर 1774 ला, फिलाडेल्फियात पहिली कॉन्टिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली आणि अध्यक्ष म्हणून निवड झाली ती याच पेटनची. माणूस पायरीपायरीनं सरकला होता. मुलीला हे नक्की लिहू द्या, कारण रकान्यांच्या तक्त्यात तारीख नसते, आणि पेटन 1765 मध्ये एका रकान्यात होता, 1775 मध्ये दुसऱ्या.

जॉन सरकला नाही. त्यानं घेतलेली शपथ त्याला मोडवेना. 1775 च्या शरदात तो बायको-मुलींना घेऊन इंग्लंडला निघाला. मुलगा एडमंड मागे राहिला, तो वॉशिंग्टनचा सहायक अधिकारी झाला होता. त्यासाठी पेटनचा मेव्हणा बेंजामिन हॅरिसननं वॉशिंग्टनला शिफारसपत्र लिहिलं होतं, आणि बापाच्या वागण्यामुळे लोक आपल्याला कमी लेखतील अशी या पोराला भीती आहे, हेही त्यात होतं. बावीस वर्षांचा होता एडमंड. पुढे तो अमेरिकेचा पहिला ॲटर्नी जनरल झाला, पण त्या उन्हाळ्यात त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी दर वेळी करते.

जाण्याआधी जॉनचं व्हायोलिन जेफरसननं 13 पौंडांना विकत घेतलं. दोघांचा या वाद्यावरून जुना करार होता. पैशांची व्यवस्था केल्याचं 25 ऑगस्ट 1775 च्या पत्रात आहे, आणि त्याच पत्रात राजकारणही आहे, मैत्रीच्याच सुरात. मग ऑक्टोबरच्या 22 तारखेला पेटन फिलाडेल्फियाजवळ एके ठिकाणी जेवायला गेला असताना झटका येऊन वारला. जेफरसन तिथे होता. महिन्याभरानं, 29 नोव्हेंबरला, त्यानंच जॉनला इंग्लंडला पत्र लिहून भाऊ गेल्याचं कळवलं. त्याच पत्रात त्यानं असंही लिहिलं, की ब्रिटनशी ऐक्य राहावं असं माझ्याइतकं मनापासून वाटणारा माणूस साम्राज्यात नसेल, पण पार्लमेंट म्हणतं त्या अटींवर ते नातं ठेवण्यापेक्षा मी मेलेला बरा. हे पत्र पाहुण्यांना सांगताना अजूनही माझा आवाज बदलतो. बातमी विरोधी पक्षाकडून आली, आणि ती देणारा मित्र होता.

1784 मध्ये जॉन इंग्लंडमध्येच वारला. आपल्याला व्हर्जिनियात पुरावं ही त्याची इच्छा होती. आज विल्यम अँड मेरी कॉलेजच्या चॅपेलखाली बाप आणि दोन्ही मुलगे एकत्र आहेत. पेटनला फिलाडेल्फियाहून 1776 मध्ये आणलं ते पुतण्या एडमंडनं.

आपल्याकडचे पाहुणे इथे हमखास म्हणतात, "म्हणजे राघोबादादाच की!" काळ जुळतो, हे खरं. राघोबानं सुरतेचा तह केला मार्च 1775 मध्ये, आणि विल्यम्सबर्गचं दारूकोठाराचं प्रकरण एप्रिल 1775 मधलं. पण गादीचा किंवा वाटणीचा तंटा या भावांमध्ये नव्हता. जॉनला इंग्रजांकडून काही मिळवायचं नव्हतं. घर, बाग, हुद्दा, मुलगा, सगळं मागे ठेवून तो गेला. भाऊबंदकी हा शब्द इथे लावला तर गोष्ट चुकेल.

इथपर्यंतचं तुम्हाला फेरीत सांगितलं असणार. आता घराच्या मागच्या बाजूला चला.

तुम्ही मुख्य घरातून स्वयंपाकघराकडे जाणारी झाकलेली वाट पाहिलीत का? स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत आहे, आणि मध्ये छप्पर घातलेली वाट. आजची ती इमारत नव्यानं बांधलेली आहे, जुन्या पायाच्या आधारानं. मी मुलांना त्या वाटेवर उभं करते आणि विचारते, दिवसातून किती वेळा इथून ताटं गेली असतील? मोजायला लागली की आपोआप गप्प होतात. पेटन आणि बेट्टी, दोघंच नवरा-बायको, मूल नाही. आणि पेटनच्या मृत्यूनंतर, जानेवारी 1776 मध्ये, मालमत्तेची जी यादी झाली तिच्यात या एका घरातली 27 गुलाम माणसं आहेत. दोन माणसांच्या घरात सत्तावीस. त्या काळी विल्यम्सबर्गमधली निम्म्याहून जास्त वस्ती काळ्या माणसांची होती.

ती यादी समोर धरली की डोळा आपोआप महोगनीच्या टेबलांवर आणि चांदीवर जातो, कारण त्या वस्तू आपण नुकत्याच पाहिलेल्या असतात. मग नावं येतात. आडनाव नाही, नुसतं नाव आणि पुढे रक्कम. ईव्ह, 100 पौंड. जॉनचं व्हायोलिन 13 पौंडांचं होतं, म्हणजे अंदाज येईल. ईव्हचं काम बहुधा बेट्टीच्या खासगीतलं, कपडे, केस, निजणं-उठणं बघण्याचं. मुलगा जॉर्ज तिच्याबरोबर.

आता परत एप्रिल 1775 मध्ये. 21 तारखेच्या पहाटे गव्हर्नर लॉर्ड डनमोरच्या हुकमावरून नौसैनिकांनी दारूकोठारातून 15 अर्धी पिंपं बंदुकीची दारू उचलून नेली. चौकात लोक जमले, राजवाड्यावर चालून जाण्याची भाषा सुरू झाली. त्यांना शांत करणाऱ्यांमध्ये पेटन पुढे होता. गव्हर्नरनं सबब सांगितली, की शेजारच्या परगण्यात गुलामांच्या उठावाची कुणकुण आहे, म्हणून दारू सुरक्षित जागी हलवली. दुसऱ्या दिवशी त्याचा सूर बदलला. मला किंवा माझ्या माणसांना इजा झाली तर गुलामांना मुक्त जाहीर करीन आणि विल्यम्सबर्गची राख करीन, असा निरोप त्यानं एका डॉक्टरबरोबर सभापतीला, म्हणजे पेटनला, धाडला.

हा निरोप ज्या घरात पोचवायचा होता त्या घरात ईव्ह होती. अशा घरात मालकाला आलेला निरोप मालकापाशी राहत नाही. पाणी आणून देणारा, कोट घेणारा, दिवा लावणारा माणूस खोलीतच असतो. त्याच दिवसांत काही काळे पुरुष राजवाड्यावर जाऊन गव्हर्नरला म्हणाले, आम्ही तुमच्या बाजूनं उभे राहतो. त्यानं त्यांना परत पाठवलं. तेव्हा तो धमकी देत होता, मुक्त करायला तयार नव्हता.

जूनमध्ये डनमोर पळून युद्धनौकेवर गेला आणि 7 नोव्हेंबर 1775 ला त्यानं जाहीरनामा लिहिला. तुमच्या मुलीला त्यातलं एकच वाक्य पुरे आहे. मुक्ती कोणाला, तर बंडखोरांच्या गुलामांना आणि करारबद्ध नोकरांना, तेही शस्त्र उचलू शकणाऱ्यांना आणि उचलायला तयार असणाऱ्यांना. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना नाही. डनमोरचे स्वतःचेही गुलाम होते, त्यांनाही नाही.

आता हे नीट बघा. ईव्ह जॉनच्या घरात असती, राजाशी इमान राखणाऱ्या भावाच्या घरात, तर तिच्यासाठी त्या कागदात काहीच नव्हतं. दार उघडलं ते ती पेटनच्या घरात होती म्हणून, बंडखोर घराची मालमत्ता होती म्हणून. आणि तेही पुरतं उघडलं नव्हतं, कारण ती बंदूक उचलणारा पुरुष नव्हती, तिच्याबरोबर मूल होतं. तरीही बायका गेल्या, मुलं घेऊन गेल्या. डनमोरच्या छावणीत देवीची साथ पसरली आणि माणसं पटापट मेली, हेही या बाजूला ऐकू येतच असणार. तरी माणसं जात राहिली.

युद्धाच्या काळात ईव्हनं जॉर्जला घेऊन इंग्रजांची वाट धरली. या घरातून जाणारी ती एकटी नव्हती. 1781 च्या शरदात यॉर्कटाऊनच्या लढाईआधी फ्रेंच सेनापती रोशाम्बो याच घरात उतरला होता. तुम्हाला ती खोली दाखवली असेल. 19 ऑक्टोबरला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. शरणागतीच्या चौथ्या कलमात होतं, की इथल्या रहिवाशांची मालमत्ता इंग्रज सैन्याकडे सापडली तर ती परत मागता येईल. मालमत्ता म्हणजे चांदीचे चमचेही आणि माणसंही. वॉशिंग्टननं लगेच पळून आलेल्या गुलामांना गोळा करण्याचे हुकूम दिले. स्वातंत्र्ययुद्ध जिंकलं गेलं त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर, ही माणसं मोजून परत केली जात होती. माझ्या वीस वर्षांत यॉर्कटाऊनचा उल्लेख या कलमाशिवाय करणं मला जमेनासं झालं आहे.

फेब्रुवारी 1782 मध्ये 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये पळालेल्या ईव्हला पकडून देण्याची जाहिरात आली, म्हणजे ती परत आणली गेली होती आणि पुन्हा निघाली होती. वय सुमारे चाळीस, रंगानं खूप काळी, बांधा सडपातळ, तोंड लहान, नाकावर ठळक मस. तिचं चित्र कोणी काढलं नाही. तिचा चेहरा आपल्याला माहीत आहे तो तिला पकडून देण्यासाठी छापला होता म्हणून.

मग जुलै 1782. बेट्टीनं आपल्या मृत्युपत्राला पुरवणी जोडली. तिच्यात लिहिलं, की ईव्हच्या वाईट वर्तनामुळे तिला विकणं मला भाग पडलं, आणि तिचे जे पैसे आले त्यातून एक मुलगा आणि एक मुलगी विकत घ्यावीत. दोघं लहान जीव, नातलगांना देण्यासाठी. मुलगी ईव्हच्या जागी भाचीला, असं स्पष्ट आहे.

"वाईट वर्तन" हे दोन शब्द मी मुलांना नेहमी मोठ्यानं वाचायला लावते. आपल्याकडे ज्याला आपण खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणतो तेच बेट्टीला म्हणायचं आहे. तिच्या लेखी ईव्हनं इमान मोडलं. आता विचारा मुलीला: इमान मोडायला आधी ते दिलेलं असावं लागतं. जॉननं शपथ घेतली होती, पगार घेतला होता, तो सोडू शकत होता आणि त्यानं सोडला नाही. पेटननंही तोच पगार घेतला होता आणि मग वेगळं ठरवलं. दोघांना निवड होती आणि दोघांनी ती केली. ईव्हनं कोणाला काय कबूल केलं होतं? तिनं कुणाचं मीठ खाल्लं नव्हतं. त्या घरातलं मीठ तिच्यासारख्यांच्याच कष्टातून आलेलं.

माझ्या मते ईव्हची राजाशी निष्ठा नव्हती आणि काँग्रेसशी द्रोह नव्हता. तिनं हिशेब केला, की जॉर्जला घेऊन कुठल्या दारातून बाहेर पडता येईल. ते दार त्या वर्षी इंग्रजांच्या बाजूला होतं. पेटनला अंगरखा घालणाऱ्या, त्याच घरातल्या गुलाम जॉनीनं तर इंग्रजांकडे न जाता तेच केलं. तो पेटनबरोबर फिलाडेल्फियाला होता. मे 1775 मध्ये पेटन तिथून परतला तेव्हा विल्यम्सबर्गच्या स्वयंसेवकांनी मिरवत आणून त्याला देशाचा पिता म्हटलं. पेटन गेल्यावर जॉनी एडमंडकडे गेला आणि 1777 मध्ये निघून गेला. एडमंडनं जाहिरात दिली तीत त्याचं दुसरं नावही आहे, जॉन हॅरिस. मालकाच्या यादीत जॉनी असलेला माणूस स्वतःला पुऱ्या नावानं ओळखत होता. त्याला कोणत्या रकान्यात घालाल?

बेट्टीबद्दल एक सांगते, कारण पोरं तिला लगेच दुष्ट ठरवून मोकळी होतात. तिचा भाऊ बेंजामिन हॅरिसन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, एडमंडसाठी पत्र लिहिणारा तोच. नवरा काँग्रेसचा अध्यक्ष. दीर गेला, नवरा गेला, सैन्यं येऊन उतरली, घर तिनं सांभाळलं. देशभक्तांच्या रकान्यात तिची जागा पक्की आहे. आणि ईव्हला विकून आलेल्या पैशांतून दोन मुलं घ्या, असं लिहिणारीही तीच. दोन्ही वाक्यं एकाच चौकटीत लिहायला सांगा मुलीला. एक खोडून दुसरं लिहू देऊ नका.

तक्त्याचं आता. शिक्षिकेनं दोन रकाने सांगितले आहेत तर दोनच ठेवा. "दोन्ही नाही" असा तिसरा रकाना काढण्याचा मोह होईल, तो आवरा. तिथे सगळी काळी माणसं एका ढिगात जाऊन पडतात आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा वरचं शीर्षकच बदलायला सांगा. "देशभक्त" आणि "राजनिष्ठ" याऐवजी प्रत्येक नावापुढे "कोणाकडे गेला किंवा गेली" आणि "कशासाठी" असं लिहू द्या. जॉनपुढे: इंग्लंडकडे, शपथेसाठी. एडमंडपुढे: वॉशिंग्टनकडे, आणि बापाच्या नावासाठीसुद्धा. ईव्हपुढे: इंग्रजांकडे, जॉर्जला घेऊन. पेटनपुढे दोन तारखा, 1765 आणि 1774.

शिक्षिकेनं विचारलं की हे सांगितल्याप्रमाणे का नाही, तर मुलीला जाहीरनाम्यातलं ते वाक्य आणि पुरवणीतले ते दोन शब्द दाखवू द्या. आणि पुन्हा गेलात तर घरात पुढच्या दारानं शिरू नका. मागून, स्वयंपाकघराकडून, त्या झाकलेल्या वाटेनं आत जा, आणि त्या बाजूनं घर कसं दिसतं ते मुलीला काढून आणू दे.